बिनजोड करू नकोस

बजरंगा, अंजनीच्या पोरा, आमच्या वेशीवरच्या मारुतीराया,

आज तुझ्याकडे कुस्ती जिंकून दे म्हणायला आलो नाही. जत्रेच्या फडात दोन पैलवान समोरासमोर येतात तेव्हा दोघांच्या कपाळी तुझाच शेंदूर असतो. दोघंही चिमूटभर माती उचलून तुझंच नाव घेतात. एकाची पाठ लागल्याखेरीज दुसऱ्याचा हात वर जात नाही. माझ्या पोराला यश दे म्हणायचं, म्हणजे कुणा दुसऱ्या वस्तादाच्या पोराला चीत कर म्हणायचं. त्यानेही शनिवारी तुला तेल वाहिलेलं असतं, रुईची माळ घातलेली असते. तू तरी कुणाचं ऐकणार?

माझं मागणं वेगळं आहे आणि जरा लांबणार आहे. शनिवारची रांग सरली, पुजारी जेवायला गेला. ऐकून घे.

आमच्या तालमीत एक जड पोरगं आहे. सतरा वर्षांचं. बापाची कोरडवाहू कपाशी आणि दारात एक म्हैस. मध्ये त्याचं वजन करायचं होतं, तर घरगुती काट्याची सुई शेवटाला जाऊन टेकली. म्हणून कापूस मोजतात त्या काट्यावर उभं केलं. एकशे आठ किलो भरलं. तोलाईवाला म्हणाला, “वस्ताद, ओलावा धरून लिहू का वगळून?” सगळे हसले, पोरगंही हसलं. त्याची माय हसली नाही. तिच्या डोक्यात दुधाचा हिशोब चालू होता. जे दूध डेअरीला जायचं ते आता लोट्याने याच्या पोटात जातं. तुपाचा डबा, बदाम, थंडाई, कळण्याच्या भाकऱ्यांची चळत. देह तू दिलास, फार मोकळ्या हाताने दिलास, पण तो पोसायचं बिल तिच्या चुलीवर पाठवलंस. त्याला एक धाकटी बहीण आहे. तिच्या पेल्यात काय उरतं ते तुला वेशीवरून दिसतच असेल. मागण्यांची यादी सुरू व्हायच्या आधी तेवढा पेला ध्यानात धर. गावाला पैलवान हवा असतो, त्याच्या बहिणीचं दूध कुणी मोजत नाही.

आता मुख्य गोष्ट. भूक कशीबशी भागते, उधारी होते, पुढच्या कपाशीवर ढकलता येते. जोड मिळत नाही. आमच्या तालमीत याच्याखालचं वजन पंचाहत्तर किलोचं. लढतीला उभं करायचं कुणाशी? दोघा-दोघांना त्याच्या अंगावर सोडतो, तरी तो नुसता उभा राहतो आणि ती दोघं दमतात. पोरगं स्वभावाने चांगलं. हलक्याला लागेल म्हणून हात आखडता घेतं, भार टाकत नाही, पट काढतानाही अलगद खाली ठेवतं. रोज अर्ध्या ताकदीने लढायची अंगाला सवय लागली. दुसरी गोष्ट त्याहून वाईट. त्याला कधी कुणी उचललेलंच नाही. जो पडला नाही त्याला पडायचं कसं हे माहीत नसतं: मान कशी वळवायची, खांदा कसा चोरायचा, पाठ मातीपासून बोटभर वर कशी ठेवायची. कळसासारखं उभं राहायला येतं, पण कळस ज्या दिवशी ढळेल त्या दिवशी सगळाच येईल.

तुला लहानपणी शाप होता म्हणतात, स्वतःचं बळ विसरण्याचा. समुद्रकाठी जांबवंताने आठवण करून दिली आणि तू उडी मारलीस. या पोराची गोष्ट उलटी आहे. त्याला सकाळपासून सगळे त्याच्या बळाचीच आठवण करून देतात. चहाच्या टपरीवर, बाजाराच्या दिवशी, लग्नाच्या मांडवात. फोटो काढायला लोक खांद्यावर हात टाकतात. भीम असाच ऐटीत निघाला होता तेव्हा तू म्हातारं वानर होऊन वाटेत बसलास आणि म्हणालास, शेपूट तेवढी बाजूला कर नि जा. तसली एक शेपूट आमच्या वाटेत टाक. लवकर टाक, अठरा-एकोणिसाच्या आत. पंचविशीत ती उचलत नाही हे कळलं तर माणूस मोडतो.

जत्रेत काय होतं ते तू पाहतोस. चैत्र-वैशाखात आमच्या खान्देशात गावोगाव बारागाड्या ओढतात, आणि मग फड रंगतो. हलगी कडाडते. आधी रेवड्यांच्या कुस्त्या, लहानग्यांच्या. मग नारळावरच्या. मग पन्नास, शंभर, पाचशे, इनाम चढत जातं आणि वजनंही. ऊन कलतं. शेवटच्या कुस्तीला आमचं पोरगं लंगोट कसून उतरतं. पंच त्याचा हात धरून फडाभोवती फिरवतात, पुकारा करतात, आहे का कुणी? कुणी उठत नाही. उठणार कोण, उभ्या पंचक्रोशीत या अंगाचं दुसरं नाही. मग पंच त्याला बिनजोड म्हणून फेटा बांधतात, नारळ देतात, लोक टाळ्या वाजवतात. बाप छाती काढून घरी येतो. मला मात्र त्या फेट्याची भीती वाटते. पोरगं मातीत उतरलं आणि अंगाला माती न लागता परत आलं. त्या दिवशी ते काय शिकलं?

देवा, लोक तुझ्याकडे आपलं पोर बिनजोड व्हावं म्हणून नवस करतात. मी हात जोडून सांगतो, याला बिनजोड करू नकोस.

हे पोरगं ज्याच्याकडे बघून तालमीत आलं तो आमच्याच मुलखातला, चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीचा विजय चौधरी. घरात कुस्ती आधीपासून होती, तरी मोठी कुस्ती शिकायला त्याला पुणं गाठावं लागलं. २०१४ मध्ये अहमदनगरला, आताच्या अहिल्यानगरला, त्याने सचिन येलभरला हरवून महाराष्ट्र केसरीची गदा घेतली. २०१५ ची स्पर्धा नागपूरला झाली, तिथे विक्रांत जाधव समोर होता. २०१६ ला पुण्यात, वारज्याला, अभिजित कटके. तीन वर्षं ओळीने तीन गदा. त्याच्याआधी ओळीने तीन वेळा गदा नेली होती ती नरसिंग यादवने, २०११ ते २०१३. विजय जिंकला त्या वेळी चाळीसगावात किती गुलाल उधळला गेला ते सांगायला नको. तालमीच्या भिंतीवर त्याचा फोटो आजही तुझ्या तसबिरीच्या शेजारी आहे. तुझ्याहून जरा मोठाच आहे, राग मानू नकोस.

पोरांना त्या फोटोतली गदा दिसते. आत लाकूड, वर चांदीचा पत्रा, खांद्यावर घेतली की सूर्य चमकतो. मला फोटोत नसलेली माणसं दिसतात. वारज्याला हरलेला अभिजित कटके पुढच्याच वर्षी, २०१७ ला, भूगावच्या आखाड्यात स्वतः महाराष्ट्र केसरी झाला. म्हणजे विजयच्या समोर जो उभा होता तो उद्याचा केसरी होता. आणि अंतिम कुस्तीआधीच्या फेऱ्या, मातीतल्या नि गादीवरच्या, रोजच्या सरावातले ते जडच्या जड गडी, ज्यांची नावं पेपरात येत नाहीत पण ज्यांनी रोज सकाळी त्याच्या मानेवर हात टाकला. असे दहा-बारा जण एका छपराखाली मिळतात म्हणून पोरं पुण्याला, कोल्हापूरला जातात. खुराक इथेही मिळेल एक वेळ. ती माणसं इथे मिळत नाहीत.

आमच्याकडे कुस्तीचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. महाराष्ट्र केसरी सुरू झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १९६२ ला, ती धुळ्यात भरली आणि भगवान मोरे जिंकले. १९६६ ला जळगावात, तेव्हा दीनानाथ सिंह. १९७७ ला चाळीसगावात भरली, त्या साली किताबाचा निकालच लागला नाही. तिन्ही वेळा मैदान आमचं, माणसं आमची, भरीत-भाकरी आमची. कोल्हापूरला शाहू महाराज होते. त्यांनी पैलवानांना आसरा दिला, तालमी पोसल्या, खासबागेचं मैदान १९१२ साली उभं केलं. एका राजाने लावलेलं झाड शंभर वर्षं सावली देतं. तापी-गिरणेच्या खोऱ्यात असा राजा झाला नाही. इथे काळी जमीन, कपाशीची, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडणारी. तालमीच्या हौद्यासाठी लाल मातीसुद्धा आम्ही ट्रॉलीने बाहेरून आणतो, आणि मग तिच्यात ताक, तेल, हळद, लिंबू, कापूर घालून मुरवतो. वर्गणीतून. वर्गणीच्या वहीत सरपंचाचं नाव सगळ्यात वर असतं आणि आकडा सगळ्यात शेवटी भरला जातो. हे तक्रार म्हणून नाही, सहज सांगितलं.

हल्ली पोरं मोबाइलवर मुष्टियुद्ध बघतात. जड गटाचं, ज्याला वरची वजनाची मर्यादाच नाही असलं. महंमद अलीचे पाय, त्याची जीभ, ढगासारखं हलकं नाचणारं ते अवजड शरीर. बघू देत. पण मी त्यांना अलीचा एकट्याचा फोटो लावू देत नाही, लावायचा तर अली आणि जो फ्रेझियर दोघांचा. व्हिएतनामच्या लढाईला जायला नकार दिला म्हणून अलीचा किताब गेला, ऐन उमेदीतली साडेतीन वर्षं त्याला कुणी रिंगणात उतरू दिलं नाही. परत आला तेव्हा समोर फ्रेझियर उभा. १९७१ ला न्यूयॉर्कमध्ये पंधरा फेऱ्या झाल्या, शेवटच्या फेरीत फ्रेझियरच्या डाव्या हाताने अलीला आडवं पाडलं आणि निकाल फ्रेझियरच्या बाजूने गेला. पुढची दोन्ही वेळा अली जिंकला. त्या दोघांना एकमेकांचं तोंड पाहायला आवडत नसे. तरी एकाची गोष्ट सांगायला बसलं की दुसऱ्याशिवाय ती सांगताच येत नाही. अशी जोड तू देतोस तेव्हा माणसं तिला दुष्मनी म्हणतात.

त्या दोघांतली तिसरी लढत १ ऑक्टोबर १९७५ ला मनिलाला झाली. अंगाची लाही करणारी दमट गरमी. चौदा फेऱ्या संपल्या तेव्हा फ्रेझियरच्या डोळ्यांना दिसेनासं झालं होतं, चेहरा सुजून गेला होता. पंधरावी फेरी उरली होती. फ्रेझियर उठायला तयार होता. त्याचा वस्ताद एडी फच याने त्याला उठू दिलं नाही. लढत तिथेच संपवली. पलीकडच्या कोपऱ्यात अलीचीही तीच गत होती म्हणतात, कोण जाणे आणखी एक मिनिट थांबले असते तर काय झालं असतं. पण फचने तो हिशोब केला नाही. त्याने आपल्या पोराचे डोळे पाहिले आणि किताब सोडून दिला.

मारुतीराया, तो शहाणपणा मला दे. इतर सगळं तू पोराला दे, हे एवढं मात्र मला. हलगी वाजत असते, पाच हजार माणसं ओरडत असतात, इनामाचा आकडा लाउडस्पीकरवर वाढत असतो, बाप कानाशी येऊन म्हणतो की वस्ताद, आणखी एक कुस्ती होऊन जाऊ दे. पोरगं म्हणतं, गुडघा ठीक आहे. त्या वेळी पोराच्या तोंडाकडे न बघता त्याच्या गुडघ्याकडे बघायची बुद्धी दे. नाही म्हणायचा आवाज दे. जमलेल्या लोकांच्या शिव्या पचवायचं पोट दे. अलीला ते भाग्य वेळेवर लाभलं नाही. त्याचा डॉक्टर फर्डी पाचेको थांब म्हणून सांगून शेवटी निघून गेला. १९८० ला अडतिसाव्या वर्षी लॅरी होम्ससमोर त्याला उभं केलं आणि दहा फेऱ्या मार खाल्ल्यावर त्याच्या वस्तादाने, अँजेलो डंडीने, लढत थांबवली. तरी पुढच्या वर्षी तो पुन्हा एकदा उतरलाच. १९८४ ला पार्किन्सनचं निदान झालं. १९९६ ला अटलांटात ऑलिंपिकची ज्योत पेटवताना तो हात कसा थरथरत होता, ते जगाने पाहिलं आणि टाळ्या वाजवल्या.

तुला डोक्यावरचा घाव कळतो. सूर्याला फळ समजून झेपावलास तेव्हा इंद्राचं वज्र थेट हनुवटीवर बसलं होतं. तू कोसळलास आणि तुझ्या बापाने साऱ्या सृष्टीचा वारा रोखून धरला, तेव्हा देव धावत आले, वरदानं दिली. इथल्या बापाच्या हातात रोखून धरायला काही नाही, फार तर कापूस चार दिवस घरात ठेवेल भाव वाढेपर्यंत. पोराच्या गुडघ्याची शीर तुटली की नाशिक नाहीतर पुणं, शस्त्रक्रिया, सहा-आठ महिने खाट, आणि त्या काळातही भूक तीच. तेव्हा गुडघे, खांदे, मानेचे मणके यांच्यावर तुझा हात राहू दे. कान मोडले तर मोडू देत. कानाच्या गाठी ही पैलवानाची ओळख आहे, लग्नाच्या वेळी थोडी अडचण येते इतकंच.

आणि सुईपासून वाचव. भुकटीचे डबे येतात, त्यामागून इंजेक्शनवाले येतात. जड पोराला आणखी जड करून देतो म्हणतात, महिन्यात. सतरा वर्षांच्या पोराला महिना फार मोठा वाटतो. नरसिंग यादवचं २०१६ साली काय झालं ते सगळ्यांनी वाचलं. रिओच्या ऑलिंपिकच्या तोंडावर चाचणीत दोष निघाला, तो म्हणत राहिला की माझ्या खाण्यात कुणी मिसळलं, इथे त्याला सोडलं, तिकडे क्रीडा लवादाने चार वर्षांची बंदी घातली. एकही कुस्ती न खेळता घरी. खरं काय ते तुला माहीत. मी एवढंच म्हणतो की पोराच्या पेल्यात दूधच असू दे, आणि ते त्याच्या मायने दिलेलं असू दे.

रागही आवर. जडाचा राग जड असतो. २०२५ च्या फेब्रुवारीत अहिल्यानगरच्या आखाड्यात पाठ लागली की नाही यावरून वाद झाला आणि ज्याने आधी गदा जिंकलेली होती अशा मल्लाने पंचाला लाथ मारली. तीन वर्षांची बंदी आली. पंच चुकला असेलही, पंच चुकतात, मी आयुष्यभर पाहत आलो. पंचांनाही डोळे दे. पण ज्याला कधी कुणी हरवलंच नाही त्याला हार म्हणजे चोरी वाटते. म्हणून तर म्हणतो, हरवणारा लवकर पाठव.

आता वर्दीचं. आमच्या भागात कुस्तीचा शेवट कुठे व्हावा, तर वर्दीत, हे प्रत्येक आईबापाच्या मनात असतं. खाशाबा जाधवांनी १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारतातलं एकट्याने मिळवलेलं पहिलं ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर गहाण ठेवलं. तीन वर्षांनी खाशाबा पोलिसात फौजदार म्हणून लागले आणि उभी हयात तिथे गेली. विजय चौधरीलाही तिसऱ्या गदेनंतर सरकारने पोलीस उपअधीक्षक म्हणून घेतलं. त्याने कुस्ती सोडली नाही. २०२३ ला कॅनडात विनिपेगला जगभरच्या पोलीस आणि अग्निशमन दलांच्या स्पर्धा झाल्या, तिथे १२५ किलो गटात तो सुवर्णपदक घेऊन आला. चांगलं झालं. फार चांगलं झालं. पण देवा, वर्षाला गदा एक. त्या गदेसाठी गावोगावी किती म्हशी व्याल्या, किती तूप कढलं, किती बापांनी शेतं गहाण टाकली, त्यांच्या पोरांना वर्दी मिळत नाही. कुणी राखणदार होतं, कुणी जिममध्ये दुसऱ्यांची वजनं मोजतं, कुणी पुढाऱ्याच्या गाडीत मागच्या सीटवर दोन माणसांची जागा अडवून बसतं. या शेवटच्या नोकरीपासून आमच्या पोराला खास वाचव.

कौर सिंगचं नाव आता किती जणांना आठवतं? पंजाबातल्या संगरूर जिल्ह्यातला फौजी, जड गटातला मुष्टियोद्धा. १९८० ला दिल्लीत खुद्द अलीसमोर प्रदर्शनी लढतीत उभा राहिला. १९८२ च्या दिल्ली आशियाई खेळांत सुवर्ण, पुढच्या वर्षी पद्मश्री. म्हातारपणी दवाखान्याच्या खर्चासाठी त्याला कर्ज काढावं लागल्याच्या बातम्या आल्या तेव्हा देशाला तो पुन्हा आठवला. २०२३ ला गेला. म्हणून पोराच्या यशानंतरचंही मागून ठेवतो, ते मागायला तेव्हा कुणी उरत नाही. पस्तिशीनंतर मेहनत सुटते आणि खुराक सुटत नाही. मग साखर येते, दम लागतो, जिना चढवत नाही, आणि लोक म्हणतात, काय पैलवान होता! त्या ‘होता’पाशी पोहोचायच्या आधी त्याला एखादी विद्या दे, दोन यत्ता जास्त शिकव. सकाळच्या जोर-बैठका झाल्यावर मी त्याला शाळेत पिटाळतो, तो मागच्या बाकावर झोपतो. त्याला जागं ठेव. एवढा मोठा डोंगर उचलून रात्रीत लंकेला नेलास, एक पोरगं दहावी-बारावीच्या तासाला जागं ठेवणं तुला जड नाही.

त्याच्या मायने मला निरोप दिलाय, तुझ्यापर्यंत पोहोचवतो. ती म्हणते, मन्हा पोऱ्याले सांभाय. एवढंच म्हणाली. कानबाईच्या रोटाच्या वेळीही तेच मागितलं म्हणे, आणि चाळीसगावच्या पीर मुसा कादरी बाबांच्या उरुसालाही. तिने तिघांनाही एकच काम सांगितलंय, तुम्ही आपसात बघून घ्या.

आणि आता ज्यासाठी आलो ते. कुठेतरी आमच्याच मुलखात असंच दुसरं एक जड पोरगं असेल. शिरपूरकडे, साक्रीच्या डोंगरपट्टीत, पारोळ्याला, नाहीतर रावेर-यावलच्या केळीच्या बागांमध्ये, जिथे घड वाहून वाहून पोरांचे खांदे आधीच तयार असतात. त्याच्या गावातही त्याला जोड नसेल. त्याचा वस्तादही कुणा मारुतीपुढे उभा राहून डोकं खाजवत असेल, त्याच्या पोरालाही फुकटचे फेटे बांधले जात असतील. दोन्ही गावांत तूच आहेस. तुला दोन्ही पोरं दिसतात, आम्हाला एकमेकांची दिसत नाहीत. एखाद्या जत्रेत, एखाद्या लग्नात, बाजारच्या दिवशी एसटी स्टँडवर, कुठेही चालेल, त्यांची गाठ घालून दे. पहिल्या खेपेला तो आमच्याला आपटेल. आपटू दे. ढाक मारू दे, घिस्सा मारू दे, बांगडीवर उचलू दे. आमचा रडेल, दोन दिवस तालमीत येणार नाही, तिसऱ्या दिवशी येईल. मग याने त्याला आपटावं. मग पुन्हा त्याने. आठवड्यातून दोनदा इकडे, दोनदा तिकडे. एसटीच्या भाड्याचं मी वर्गणीत बसवतो, सरपंचाच्या मागे लागतो. दोघांची दोस्ती झाली तर उत्तम, नाही झाली तरी सरावाला येऊ दे.

बाकी तुझ्या मर्जीवर. तेवढ्या दोन्ही घरच्या म्हशी मात्र दुभत्या ठेव.